दारातले पंच

अमेरिकेत स्थलांतरित शेजाऱ्यांसाठी रस्त्यावर उभे राहणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल मराठी माणसांत, तिथे राहणाऱ्यांत आणि इथून बघणाऱ्यांतही, एक मत चांगलंच रुळलं आहे. बेकायदा राहणाऱ्यांना पकडणं हे सरकारचं काम आहे, त्या कामात गल्लीतल्या लोकांनी शिट्ट्या फुंकत, मोबाइल रोखत मध्ये येणं म्हणजे कायद्याची पायमल्ली. आणि आपण रीतसर व्हिसा काढून, वर्षानुवर्षं रांगेत थांबून तिथे गेलो, तेव्हा रांग मोडणाऱ्यांचा कळवळा आपल्याला कशासाठी? हे मत शिकलेल्या, सभ्य, कर भरणाऱ्या माणसांचं आहे. त्याला निर्दय म्हणून झटकून टाकणं सोपं आहे, पण बरोबर नाही. त्याला मुद्द्यांनी उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं की, ज्या कायद्याच्या नावानं हे मत मांडलं जातं, तो कायदा आज अमेरिकेतल्या गल्ल्यांमध्ये हेच शिट्टीवाले शेजारी सांभाळत आहेत. सरकारी यंत्रणेच्या आत जे अंकुश असायला हवेत ते इतके बोथट झाले आहेत की बाहेरून बघणारा डोळा हाच एक धड अंकुश उरला आहे.

आधी हे लोक नेमकं काय करतात ते पाहू, कारण विरोध करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते नीट पाहिलेलं नसतं. सप्टेंबर 2025 मध्ये ‘ऑपरेशन मिडवे ब्लिट्झ’ या नावानं शिकागोत धरपकड सुरू झाली. लिटल व्हिलेज, रॉजर्स पार्क, अल्बनी पार्क अशा वस्त्यांमध्ये दुकानदार, शिक्षक, निवृत्त माणसं गळ्यात शिट्टी अडकवून फिरू लागली. तुटक शिट्टी म्हणजे आइसची, म्हणजे स्थलांतर अंमलबजावणी खात्याची माणसं जवळपास आहेत. सलग शिट्टी म्हणजे कुणाला तरी धरलं आहे. सकाळी आणि दुपारी शाळांच्या फाटकाशी पालक आळीपाळीनं उभे राहू लागले. सायकलवाल्यांचे गट पहाटे तमाले विकणाऱ्यांच्या गाड्यांवरचा सगळा माल विकत घेऊन टाकत, म्हणजे विकणारी बाई दिवसभर कोपऱ्यावर उभी न राहता घरी जाऊ शकेल. आणि प्रत्यक्ष कुणाला पकडलं जात असेल तेव्हा काय करायचं, हे प्रशिक्षणात घोटून घेतलेलं: हात लावायचा नाही, काही पावलं दूर राहायचं, वेळ आणि चौक मोठ्यानं बोलून ध्वनिमुद्रित करायचे, गाडीचा नंबर टिपायचा, अधिकाऱ्याच्या जाकिटावरची अक्षरं टिपायची आणि पकडलेल्या माणसाला ओरडून विचारायचं की तुझं नाव काय, कुणाला फोन करू? हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण पुढच्या एकदोन दिवसांत तो माणूस टेक्सास किंवा लुइझियानातल्या कोठडीत पोहोचलेला असू शकतो आणि घरच्यांना पत्ताही नसतो.

ही यादी भारतीय वाचकाला ओळखीची वाटायला हवी. डी. के. बसू खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1996 मध्ये अटकेचे जे नियम घालून दिले, त्यांत हेच आहे. अटक करणाऱ्याच्या अंगावर स्पष्ट वाचता येईल अशी नावाची पट्टी हवी. अटकेचं टिपण जागेवर तयार व्हायला हवं आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित रहिवाशाची साक्षीदार म्हणून सही हवी. नातेवाइकाला कळवलं पाहिजे. घराची झडती घेताना त्याच भागातले दोन पंच बोलवावे लागतात, हे तर आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असतं, आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं झडती-जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं केलं आहे. हे नियम आपल्याकडे किती पाळले जातात हा वेगळा आणि दुःखाचा विषय. पण त्यामागचा विचार पक्का आहे: सरकारचा हात माणसाच्या अंगावर पडतो तेव्हा तो शेजाऱ्यांच्या देखत पडला पाहिजे. शिकागोच्या चौकात मोबाइल धरून उभा राहिलेला माणूस पंचाचंच काम करतो. तिथला कायदा त्याला बोलवत नाही, म्हणून तो न बोलवता येतो, एवढाच फरक.

आणि तो येतो याचं कारण त्या व्यवस्थेच्या रचनेत आहे. साध्या फौजदारी खटल्यात पोलिसांना घरात शिरायला न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं, गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील मिळतो, बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा न्यायालय बाजूला ठेवतं आणि पोलिसानं अत्याचार केला तर त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. स्थलांतराच्या प्रकरणांत या चारही गोष्टी एकेक करून गळून पडतात किंवा दुबळ्या होतात. आइसचं नेहमीचं वॉरंट, आय-200 नावाचा छापील नमुना, खात्यातलाच अधिकारी सही करून देतो. न्यायाधीश त्याकडे बघतही नाही. हद्दपारीची सुनावणी दिवाणी मानली जात असल्यानं सरकार वकील देत नाही, आणि सुनावणी घेणारा न्यायाधीश हा न्यायखात्याचाच, म्हणजे सरकारी पक्षाचाच नोकर असतो. अटक बेकायदा असली तरी त्यातून मिळालेला पुरावा हद्दपारीच्या सुनावणीत सहसा चालतो, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्ये लोपेझ-मेंडोझा खटल्यात ठरवलं. आणि 2022 च्या एगबर्ट विरुद्ध बूल निकालानंतर सीमा गस्तीच्या अधिकाऱ्यावर घटनाभंगाबद्दल व्यक्तिशः भरपाईचा दावा लावणं जवळजवळ अशक्य होऊन बसलं आहे. भरीस भर म्हणून, अंतिम हद्दपारीचा आदेश असलेल्या माणसाच्या घरात न्यायाधीशाच्या वॉरंटाशिवाय जबरीनं शिरता येईल, असं सांगणारं आइसचं मे 2025 चं अंतर्गत टिपण जानेवारी 2026 मध्ये उघडकीस आलं. चूक केली तर अधिकाऱ्याला आतून अडवणारं कुणी नाही आणि नंतर जाब विचारणारंही कुणी नाही. अशा ठिकाणी ‘कायद्याला त्याचं काम करू द्या’ म्हणणाऱ्यानं आधी सांगावं की कायद्याचं ते काम तिथे नेमकं कोण करतंय.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. शिकागो परिसरात विनावॉरंट अटकांबद्दल आइसविरुद्ध दावा झाला होता आणि 2022 मध्ये सरकारनं न्यायालयात समझोता मान्य केला. त्याचा आधार संघराज्याचाच कायदा: वॉरंट नसताना अटक करायची तर तो माणूस बेकायदा राहतो असं मानायला कारण हवं आणि वॉरंट मिळेपर्यंत तो निसटून जाईल असंही मानायला कारण हवं. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायाधीश जेफ्री कमिंग्ज यांनी हा समझोता मोडला गेल्याचा निष्कर्ष काढून त्याची मुदत वाढवली. वॉरंटाचे कोरे नमुने बरोबर बाळगायचे आणि माणूस हातात आल्यावर जागेवरच त्याचं नाव भरायचं, ही पद्धतही त्यांच्यासमोर आली होती. डोळ्यांसमोर आणून बघा: आधी बेड्या, मग गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून नाव लिहिणं. पुढच्या महिन्यात सरकारनं याच प्रकरणात पकडलेल्या सहाशेंहून अधिक जणांची यादी न्यायालयाला दिली, तेव्हा सार्वजनिक सुरक्षेला मोठा धोका म्हणून नोंद असलेले त्यात फक्त 16 निघाले. दुसऱ्या खटल्यात न्यायाधीश सारा एलिस यांनी निदर्शक आणि पत्रकारांवरच्या बळाच्या वापराची चित्रफितींवरून छाननी केली. अंगावर दगड आला म्हणून लिटल व्हिलेजमध्ये अश्रुधूर सोडला, हे मोहिमेच्या प्रमुखाचं म्हणणं खोटं होतं, असं त्यांनी स्पष्ट नोंदवलं. त्यांचा मनाई हुकूम फार व्यापक आहे म्हणून वरच्या न्यायालयानं तो स्थगित केला, हेही सांगायला हवं. पण स्थगितीनं तो दगड खरा ठरत नाही.

मिनियापोलिसमध्ये तर याची किंमत जिवानं मोजली गेली. 7 जानेवारी 2026 रोजी आइसच्या अधिकाऱ्यानं गाडीत बसलेल्या एका अमेरिकन नागरिक स्त्रीला गोळ्या घातल्या. 24 जानेवारीला सीमा गस्तीच्या माणसांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या एका अमेरिकन परिचारकाला मारलं. दोन्ही वेळा काही तासांत सरकारकडून मृतावरच ठपका ठेवणारी हकीकत आली, आणि दोन्ही वेळा रस्त्यावरच्या लोकांच्या मोबाइलमधलं चित्रीकरण त्या हकिकतीशी जुळेना. ती चित्रीकरणं नसती तर सरकारी हकीकत हीच एकमेव हकीकत राहिली असती. ज्यांना वाटतं की साक्षीदारांनी घरी बसावं, त्यांनी या दोन तारखांचं काय करायचं ते सांगितलं पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येतो तो गुन्हेगारांचा. शिट्टी ऐकून एखादा खुनी, एखादा बलात्कारी निसटला तर? आक्षेप गंभीर आहे. पण ज्याच्यावर खरा गुन्हा आहे त्याच्यासाठी न्यायाधीशाचं वॉरंट मिळतं, आणि त्या वॉरंटापुढे शिट्टीचा काही उपयोग नाही. दार उघडावंच लागतं. इलिनॉयच्या 2017 च्या ट्रस्ट कायद्यानं स्थानिक पोलिसांना आइसच्या खातेअंतर्गत कागदावरून कुणाला अडकवून ठेवायला मनाई केली आहे. न्यायाधीशाच्या वॉरंटाला त्यात मनाई नाही. म्हणजे शिट्टीनं अडचण होते ती वॉरंट न काढता रस्त्यावरून, दुकानाच्या पार्किंगमधून, बोलण्याच्या ढबीवरून माणसं उचलणाऱ्यांची. आणि कोण उचललं जातंय? नोव्हेंबर 2025 च्या मध्याला आइसच्या कोठड्यांत 65 हजारांहून अधिक माणसं होती आणि सरकारी आकडे गोळा करणाऱ्या ट्रॅक या संशोधन केंद्राच्या हिशेबानं त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांना कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नव्हती. काहींवर खटले चालू असतील, हे मान्य. पण व्हिसाची मुदत उलटून राहणं हा अमेरिकेच्या कायद्यात फौजदारी गुन्हा नाही, हे ‘गुन्हेगार’ हा शब्द सहज वापरणाऱ्या आपल्या बांधवांनी एकदा तपासून पाहावं. कारण नोकरी गेल्यावर मिळणारे 60 दिवस उलटले की एच-1बीवाला त्याच रकान्यात जाऊन बसतो.

दुसरा आक्षेप अडथळ्याचा आणि हिंसेचा. बघणं आणि अडवणं यांतली रेघ बारीक आहे हे खरं. पण ती रेघ आहे, आणि कायद्यानं ती आखली आहे: सार्वजनिक जागी काम करणाऱ्या पोलिसांचं चित्रीकरण करणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे, असं शिकागो ज्याच्या अखत्यारीत येतं त्या सातव्या सर्किट न्यायालयानं 2012 मध्येच ठरवलं. जो दगड मारतो, गाडी अंगावर घालतो, त्याची बाजू मी घेत नाही आणि या गटांच्या प्रशिक्षणातही ती कुणी घेत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये डॅलसला आइसच्या कचेरीवर एकानं गच्चीवरून गोळ्या झाडल्या, तेव्हा बळी गेले ते बेड्यांत असलेले स्थलांतरितच. हिंसा कुणाच्या मुळावर येते याचा याहून क्रूर पुरावा नको. नुसतं बघणं आणि हिंसा या दोन टोकांच्या मध्ये सत्याग्रहाची जागा आहे. 13 मे 2021 ला ग्लासगोच्या केनम्योर स्ट्रीटवर ब्रिटिश गृहखात्याच्या गाडीत दोघा भारतीयांना कोंबलं होतं, तेव्हा एक माणूस गाडीखाली जाऊन आडवा झाला, शेकडो शेजारी भोवती बसले आणि सुमारे आठ तासांनी स्कॉटलंडच्या पोलिसांनी त्या दोघांना सोडून दिलं. तिथे साक्षीची मर्यादा ओलांडली गेली होती, यात वाद नाही. असं करणाऱ्यानं ते उघड्या चेहऱ्यानं, परिणाम पत्करून करावं आणि सरकारला वाटलं तर खटला भरावा. चेहरा झाकून, नाव लपवून उभी असतात ती शिकागो-मिनियापोलिसमधली सरकारची माणसं. निःशस्त्र शेजाऱ्यानं चेहरा उघडा ठेवून यायचं आणि बंदूकधारी अधिकाऱ्यानं मुखवटा घालून यायचं, यातला कोण लपतो आहे हे कळायला कायद्याची पदवी लागत नाही. एकट्या कोठड्यांसाठी अमेरिकी संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, जुलै 2025 मध्ये 45 अब्ज डॉलर मंजूर केले. एवढ्या मोठ्या यंत्रणेचं काम जर एका शिट्टीनं अडत असेल, तर ते अंधारातच करायचं ठरलेलं असणार.

मग रांगेचा मुद्दा. आपल्या लोकांच्या मनात तो सर्वांत खोल रुतलेला आहे, कारण त्यांनी रांगेचा जाच खरोखर सोसला आहे. ग्रीन कार्डासाठी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं थांबणं, मुलं 21 वर्षांची झाली की त्यांचा हक्क सुटण्याची धास्ती, आजारी आईवडिलांना बघायला यायचं तर व्हिसाचा शिक्का मिळेल की नाही ही धाकधूक. हे सगळं खरं आहे. पण रांग असते ती ज्यांच्यासाठी खिडकी उघडी आहे त्यांच्यासाठी. भांडी घासणारा, छप्पर घालणारा, सफरचंदं तोडणारा माणूस अमेरिकेत कायमच्या कामाचा व्हिसा मागायला गेला, तर अशा कामगारांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला फार तर 10 हजार व्हिसे आहेत. अमेरिकन नागरिकाच्या मेक्सिकन भावाबहिणींची रांग वीस वर्षांच्याही पुढे गेली आहे. त्या अर्थव्यवस्थेला हे हात दररोज लागतात, आपल्या बांधवांच्या घरांची हिरवळ कापायलाही लागतात, पण त्यांच्यासाठी खिडकी मात्र उघडलेली नाही. एकाच सात टक्क्यांच्या देशवार मर्यादेनं आयटीतल्या मराठी माणसाला आणि मेक्सिकोतल्या त्या भावाला, दोघांनाही रखडवलं आहे. त्या भावावर राग काढून आपली रांग एका माणसानंही पुढे सरकणार नाही.

‘कायदा वाईट असेल तर संसदेत बदला, रस्त्यावर नको’ असंही म्हणतात. अमेरिकेचा अलीकडचाच इतिहास याच्या उलट साक्ष देतो. 1980 मध्ये काँग्रेसनं निर्वासितांचा कायदा केला. छळाची सार्थ भीती असणाऱ्याला आश्रय मिळेल, असं त्यात लिहिलेलं होतं. पण एल साल्वादोर आणि ग्वातेमालात अमेरिकेच्याच पाठिंब्यावर टिकलेल्या राजवटींपासून पळून आलेल्यांचे अर्ज सरकार घाऊक फेटाळत होतं. 1984 मध्ये साल्वादोरच्या लोकांचे शंभरांतले तीनही अर्ज मंजूर होत नव्हते. मार्च 1982 मध्ये टक्सनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चनं पाद्री जॉन फाइफ यांच्या पुढाकारानं उघडपणे दारं उघडली आणि देशभरातल्या प्रार्थनास्थळांनी ते अनुकरण केलं. सरकारनं खबरे पेरले, खटले भरले, 1986 मध्ये आठ जणांना दोषी ठरवलं. त्यांच्यापैकी कुणीही तुरुंगात गेलं नाही. आणि 1991 मध्ये, चर्चसंस्थांनी लावलेल्या दाव्यात, सरकारनं समझोता करून त्या दोन देशांच्या लाखो लोकांचे अर्ज नव्यानं, निःपक्षपातीपणे तपासायचं कबूल केलं. कायदा आधीपासून पुस्तकात होता. तो पाळायला लावण्यासाठी काही सामान्य माणसांना आरोपी व्हावं लागलं.

आता उरतो प्रश्न आपला काय संबंध हा. ऑक्टोबर 2025 पर्यंत स्थलांतर अधिकाऱ्यांनी 170 हून अधिक अमेरिकन नागरिकांना ताब्यात घेतल्याचं प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेनं दाखवून दिलं. त्याच्या महिनाभर आधी लॉस एंजलिसमधल्या फिरत्या पथकांना सर्वोच्च न्यायालयानं मोकळीक दिली, आणि वांशिक ओळख हा इतर गोष्टींच्या जोडीनं विचारात घेण्याजोगा घटक असू शकतो, असं त्या वेळी न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी लिहिलं. सावळ्या रंगाचा माणूस पुण्याचा की मेक्सिकोतल्या पुएब्लाचा हे गाडीतून ओळखू येत नाही. एप्रिल 2025 पासून व्हिसा आणि ग्रीन कार्डवाल्या प्रौढांनी आपले कागद सतत अंगावर बाळगावेत, या जुन्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू झाली. नेपरव्हिल आणि एडिसनच्या वाणसामानाच्या दुकानांत जाणाऱ्या आपल्या माणसांनाही तो लागू आहे. आणि 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानात 104 भारतीय होते, अनेकांच्या हातापायांत बेड्या होत्या, आणि त्यांत महाराष्ट्रातलेही होते. खुद्द महाराष्ट्रात जून 2025 मध्ये काय झालं तेही विसरू नये: मुंबई परिसरात मजुरी करणारे पश्चिम बंगालचे काही भारतीय बांगलादेशी ठरवले गेले, सीमेपलीकडे ढकलले गेले आणि त्यांच्या राज्यातल्या यंत्रणेनं कागद पुढे केल्यावर परत आणावे लागले. त्यांना उचललं तेव्हा शेजारपाजाऱ्यांनी नाव, वेळ, पोलीस ठाणं टिपून घरी फोन लावला असता, तर ते सीमेपर्यंत पोहोचलेच नसते, असं मला वाटतं.

म्हणून उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांकडे माझी मागणी अगदी साधी आहे. त्यांच्याकडे सभागृहं आहेत, सभासदांत वकील आहेत, गणेशोत्सवाला हजारो माणसं जमतात. आय-200 चा कागद आणि न्यायाधीशाचं वॉरंट दोन्ही पडद्यावर शेजारी शेजारी दाखवून सही कुठे बघायची हे सांगणारी एक तासाची सभा घ्यावी. दार न उघडता कागद फटीतून आत सरकवायला सांगता येतं, हे आजीआजोबांनाही शिकवावं, कारण दुपारी घरी तेच असतात. व्हिसावर असलेल्यांनी जपूनच राहावं, त्यांचा धोका खरा आहे. पण ज्यांनी नागरिकत्वाची शपथ घेतली आहे किंवा जे तिथेच जन्मले आहेत, त्यांनी समोरच्या चौकात शिट्टी वाजली तर मोबाइल घेऊन बाहेर पडावं, काही पावलं दूर उभं राहावं आणि धरलेल्या माणसाला त्याचं नाव विचारावं.